सात वर्षांचा खंड आणि एका पानाचे पत्र

नोकरीच्या अर्जासोबत जोडायच्या पत्राबद्दल, म्हणजे ज्याला आता सगळेच कव्हर लेटर म्हणतात त्याबद्दल, माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारी माणसे ‘ते कसे लिहायचे’ असे क्वचितच विचारतात. नमुने मोबाइलवर हवे तितके सापडतात आणि मायना, विषय, समारोप हे सगळे त्यांत असते. त्यांची अडचण असते ती नमुन्यात न बसणाऱ्या वर्षांची. मध्ये काही वर्षे नोकरी नव्हती. ती पत्रात सांगावी तर अर्ज बाजूला पडेल आणि न सांगावी तर मुलाखतीत पकडले जाऊ, अशा कात्रीत ती सापडलेली असतात. त्यातच आधीचे क्षेत्र सोडून दुसऱ्या क्षेत्रात जायचे असेल आणि वय पस्तिशीच्या पुढे गेलेले असेल, तर पत्राची पहिली ओळही लिहून होत नाही. ही काळजी घेऊन आलेल्या एका गृहस्थांचा अनुभव त्यांच्या परवानगीने येथे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पत्राचा मजकूर मात्र बराचसा तसाच ठेवला आहे.

हे गृहस्थ गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर 2009 साली ते एका खाण कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले आणि लोहखनिजाच्या नमुन्यांचे विश्लेषण हेच त्यांचे काम झाले. 2012 च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, तेव्हा त्यांची नोकरी टिकली, कारण आधी काढून ठेवलेल्या खनिजाचे ढीग पुढे ई-लिलावाने विकले गेले आणि त्या ढिगांची प्रत ठरवायला कुणीतरी लागतच होते. 2018 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, 16 मार्चपासून खाणी पुन्हा बंद झाल्या आणि या वेळी त्यांची प्रयोगशाळाही बंद झाली. त्यानंतर काही काळ त्यांनी मेव्हण्याची टॅक्सी चालवली, घरची काजूची बागायत पाहिली. 2025 च्या पावसाळ्यात एका शुक्रवारी, म्हापशाचा बाजार आटोपून ते पत्नीसह माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय 38 होते आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधनिर्मिती कंपनीच्या जाहिरातीचे कात्रण त्यांच्या खिशात होते.

जाहिरात अशी होती: गुणवत्ता नियंत्रण विभागात रसायनतज्ज्ञ हवा, काम कच्चा माल आणि पाणी यांच्या तपासणीचे, रसायनशास्त्रातील पदवी आणि प्रयोगशाळेतला किमान 3 वर्षांचा अनुभव आवश्यक, नोंदी काटेकोर ठेवण्याची सवय हवी, पाळ्यांमध्ये काम करावे लागेल, एचपीएलसी यंत्र (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे) चालवता येत असल्यास प्राधान्य. अर्ज ई-मेलने पाठवायचा होता आणि सोबत कव्हर लेटर मागितले होते.

त्यांनी दोन पत्रे आणली होती. पहिले स्वतः लिहिलेले. त्यात सुरुवातीलाच वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, रोजगार विनिमय केंद्रातला नोंदणी क्रमांक, 15 वर्षांच्या रहिवासी दाखल्याचा उल्लेख आणि कोकणी व मराठी दोन्ही भाषा अवगत असल्याचे निवेदन होते. ज्यांनी गोव्यात सरकारी नोकरीसाठी कधी अर्ज भरला आहे, त्यांना ही यादी कुठून आली हे लगेच कळेल. सरकारी भरतीत रहिवासी दाखला लागतो, कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट मानले जाते, आणि सगळी माहिती ठरलेल्या रकान्यांत भरायची असते. तेथे उमेदवाराने आपल्याबद्दल चार शब्द लिहावेत अशी अपेक्षा नसते. आता तर कर्मचारी निवड आयोगाच्या संगणकावरील परीक्षेतून भरती होऊ लागल्यापासून पत्राला तेथे काही कामच उरलेले नाही. आपल्याकडच्या अनेकांचे अर्जलेखनाचे सगळे शिक्षण याच अर्जांवर झालेले असल्यामुळे खासगी कंपनीला पत्र लिहितानाही ते आधी दाखले मांडतात. कंपनीला त्या घडीला त्यांतले जवळजवळ काहीच नको असते.

दाखल्यांनंतर मात्र पत्राचा सूर पार बदलत होता. ‘दुर्दैवाने माझी नोकरी गेली’, ‘गेली सात वर्षे मी घरीच आहे याबद्दल क्षमस्व’, ‘मुलगी नववीत असून कुटुंबाची जबाबदारी माझ्यावर आहे’, ‘कृपया एक संधी द्यावी, मी कोणतेही काम करण्यास तयार आहे’. नऊ वर्षांच्या प्रयोगशाळेतल्या कामाला अख्ख्या पत्रात मिळून एक ओळ होती आणि ती अशी: ‘खाण कंपनीत काम केल्याचा अनुभव आहे.’

दुसरे पत्र त्यांच्या भाच्याने मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनाकडून लिहून घेतले होते. इंग्रजी निर्दोष होते. त्यात क्षमा नव्हती, मुलगी नव्हती, आणि हे गृहस्थही नव्हते. उत्साही, परिणामांवर लक्ष देणारे, संघभावनेने काम करणारे, नवे शिकण्यास सदैव उत्सुक असे कोणीतरी त्या पत्रातून आपल्या भेटीची प्रतीक्षा करत होते. मला या साधनांचा राग नाही. भाषा नीट करून घ्यायला ती उपयोगी पडतात आणि पुढे आम्हीही तेवढ्यापुरती ती वापरली. पण भाच्याने त्याला सांगितले होते ते एवढेच की मामा बी.एस्सी. आहेत आणि खाणीत होते, तेव्हा तेवढ्या ऐवजातून याहून वेगळे पत्र निघणारही नव्हते.

दोन्ही पत्रे वाचून झाल्यावर मी त्यांना विचारले की जाहिरातीतले कोणते काम तुम्ही आधी केलेले आहे. ते म्हणाले, ‘मॅडम, ते औषधांचे काम. आम्ही फक्त माती तपासली.’

कोणत्याही पत्राला हात लावण्याआधी येथे थांबावे लागते, असे माझे मत आहे. बहुतेक सल्ले शब्दरचनेपासून सुरू होतात. पण ज्या माणसाला आपण केलेल्या कामाचे वर्णन ‘माती तपासली’ असे करावेसे वाटते, त्याचे पत्र कितीही घासूनपुसून घेतले तरी त्यातून माफीच ऐकू येते. म्हणून जाहिरात आणि पत्रे बाजूला ठेवून मी त्यांना नुसते एवढेच सांगायला लावले की नमुना प्रयोगशाळेत आल्यापासून अहवालावर सही होईपर्यंत काय काय होते. ते सावकाश बोलू लागले आणि थोड्या वेळाने त्यांना माझी आठवणही राहिली नाही.

ढिगातून किंवा बार्जमधून नमुना कसा घ्यायचा, म्हणजे वरवरचा न घेता सगळीकडून सारखा कसा उचलायचा, त्याची रास करून चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवत ठेवत तो कमी कसा करायचा, हे त्यांनी हातवारे करून सांगितले. मग तो 105 अंश सेल्सिअसवर वाळवायचा आणि वजनातल्या घटीवरून आर्द्रता काढायची. बारीक दळायचा, हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचा, स्टॅनस क्लोराइडने लोहाचे क्षपण करायचे, आणि शेवटी पोटॅशियम डायक्रोमेटने टायट्रेशन करत, म्हणजे ते थेंबाथेंबाने घालत, जांभळा रंग टिकला की ब्युरेटचे (मोजनळीचे) वाचन घ्यायचे. ‘तो एक थेंब महत्त्वाचा,’ ते म्हणाले, ‘रंग आला असे वाटते पण आलेला नसतो.’ आपल्याकडचे खनिज मुळात कमी प्रतीचे. करारात ठरलेल्या टक्केवारीपेक्षा लोह कमी भरले तर दर कापला जाई, त्यामुळे अख्ख्या जहाजाची किंमत त्या आकड्यावर हलायची. आणि म्हणूनच त्यांच्या एकट्याच्या आकड्यावर कोणी विसंबत नसे. खरेदीदाराच्या बाजूने नेमलेली तपासणी संस्था त्याच मालाचा नमुना स्वतंत्रपणे तपासायची. दोन आकड्यांत ठरलेल्या मर्यादेपलीकडे फरक पडला तर सील करून राखून ठेवलेला तिसरा नमुना, ज्याला ते लोक ‘अंपायर सॅम्पल’ म्हणतात, तो त्रयस्थ प्रयोगशाळेकडे जायचा आणि तिचा निकाल दोघांनाही मानावा लागायचा.

‘तुमच्या अहवालाबाबत असे कधी झाले?’ मी विचारले. झाले होते. तिसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा त्यांच्या आकड्याशी जुळला होता. हे त्यांनी इतक्या सहज सांगितले, की सोबत बसलेल्या पत्नीलाही ते पहिल्यांदाच कळले.

नंतर मी नोंदींबद्दल विचारले. वाचन घेताक्षणी वहीत लिहायचे, आधी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून मग उतरवायचे नाही, चूक झाली तर एकच आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख घालायची, व्हाइटनर लावायचा नाही. औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत नवीन माणसाला पहिल्या आठवड्यापासून जे बजावले जाते ते हेच असते. तेथेही कच्च्या मालाच्या तपासणीत टायट्रेशन असते आणि वाळवल्यावर वजनात किती घट येते हे मोजावे लागते. फरक आहे तो औषधसंहितेतल्या पद्धतींचा, कडक नियमावलीचा आणि यंत्रांचा. हे मी रसायनतज्ज्ञ म्हणून सांगू शकत नाही, पण या क्षेत्रातल्या उमेदवारांची पत्रे वाचून वाचून तेवढे मला ठाऊक झाले आहे. जाहिरातीचे कात्रण मी पुन्हा पुढे सरकवले. ‘नोंदी काटेकोर ठेवण्याची सवय’ या ओळीवर त्यांनी बोट ठेवले आणि ते काहीच बोलले नाहीत.

राहिला खंड. त्याबद्दल ते ठाम होते की सात वर्षे ‘घरीच’ होते. तेव्हा त्यांच्या पत्नी मध्येच कोकणीत म्हणाल्या, ‘घरा खंय आशिल्ले? बारावीचीं भुरगीं शिकपाक येतालीं न्हय?’ (घरी कुठे होते? बारावीची मुले शिकायला यायची ना?) चौकशी केल्यावर कळले की 2019 पासून गावातली अकरावी-बारावीची मुले त्यांच्याकडे रसायनशास्त्र शिकायला येत होती आणि अजूनही येतात. फी घेतात, पण पाटी लावलेली नाही, म्हणून ती त्यांच्या लेखी नोकरीही नव्हती आणि कामही नव्हते. खंड पडलेल्या माणसांच्या बाबतीत हे मी वारंवार पाहते. हजेरीपटावर नाव नसलेल्या कष्टांना ती माणसे स्वतःच शून्य किंमत देतात, आणि मग त्या काळाविषयी दुसऱ्याने विचारले की ओशाळतात.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. ज्या दिवशी यांची नोकरी गेली, त्या दिवशी डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या पट्ट्यातल्या ट्रकमालकांची, बार्जवरच्या खलाशांची, गॅरेजवाल्यांची आणि रस्त्याकडेच्या खानावळींची कमाईही थांबली. न्यायालयाच्या निकालाची तारीख सगळ्या राज्याला माहीत आहे. तरीही पत्रात ते ‘दुर्दैवाने माझी नोकरी गेली’ असे लिहीत होते, जणू त्यात त्यांचाच काही कमीपणा असावा. गोव्यातल्या कोणत्याही मनुष्यबळ अधिकाऱ्याला ‘मार्च 2018’ आणि ‘खाण’ हे दोन शब्द पुरतात.

खंड झाकावा का, हा प्रश्न त्यांनी विचारलाच. भाच्याने सुचवले होते की तारखाच घालू नयेत, नुसते ‘नऊ वर्षांचा अनुभव’ लिहावे. मी त्यांना दोन कारणांसाठी तसे करू नका म्हटले. पहिले अगदी व्यावहारिक आहे: निवड झाल्यावर कंपन्या आधीच्या ठिकाणचे कार्यमुक्ती-पत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक मागतात, आणि त्या खात्यात नोकरी कधी लागली व कधी सुटली याच्या तारखा दिसतात. दुसरे असे की तारखा नसलेले पत्र वाचणाऱ्याचे लक्ष आपोआप त्या नसलेल्या तारखांकडेच जाते. पण झाकायचे नाही याचा अर्थ उलगडून सांगत बसायचे असाही नाही. कारण सांगणारे एक वाक्य, आणि त्या काळात काय केले व आता काय हवे आहे हे सांगणारे दुसरे, एवढी जागा खंडाला पुरते. ती जागा पत्राच्या सुरुवातीला नसावी आणि अगदी शेवटीही नसावी. कामाचा पुरावा देऊन झाल्यावर असावी.

याचे एक जुने उदाहरण मी अशा वेळी सांगते. 9 फेब्रुवारी 1912 या दिवशी श्रीनिवास रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य लेखापालांकडे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. ते पुढे जगप्रसिद्ध गणिती झाले, पण त्या दिवशी ते महाविद्यालयीन परीक्षेत नापास झालेले आणि नोकरी शोधणारे 24 वर्षांचे तरुण होते. त्या लहानशा पत्रात त्यांनी लिहिले की आपण मॅट्रिक उत्तीर्ण आहोत, एफ.ए.पर्यंत (तेव्हाच्या महाविद्यालयातल्या पहिल्या परीक्षेपर्यंत) शिकलो, पण काही प्रतिकूल घटनांमुळे पुढचे शिक्षण होऊ शकले नाही. मात्र तेव्हापासून आपला सगळा वेळ गणिताला दिला आहे. घटना कोणत्या, कोणाची चूक, किती हाल झाले, यातले काही त्यात नाही. प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र सोबत होते आणि त्यात आकडेमोडीतल्या त्यांच्या विलक्षण गतीचा उल्लेख होता, म्हणजे नेमका हिशेब खात्याला हवा तो गुण. 1 मार्चपासून त्यांना 30 रुपये महिन्याची नोकरी मिळाली. पत्राची भाषा त्या काळाप्रमाणे आर्जवी आहे आणि ती उचलण्याचे कारण नाही. पण शिक्षणातल्या अपयशाला त्यांनी वाक्याचा एक तुकडा दिला आणि लगेच ‘मात्र’ म्हणून पुढे गेले, तेवढे उचलण्यासारखे आहे. आमचे गृहस्थ ऐकून हसले आणि म्हणाले, ‘ते रामानुजन होते, मॅडम.’ मी म्हटले, अर्ज वाचणाऱ्या कार्यालयाला ते अजून ठाऊक नव्हते.

पुढच्या खेपेला ते जे लिहून आले त्यावर आम्ही काम केले. पत्र इंग्रजीतच जायचे होते, पण मी त्यांना आधी मराठीत लिहायला सांगितले होते, कारण इंग्रजी लिहू लागले की त्यांचा हात लगेच शाळेतल्या ठराविक वाक्यांकडे वळत होता. अखेरचा मजकूर असा झाला:

‘महोदय/महोदया, आपल्या जाहिरातीत कच्चा माल आणि पाणी यांच्या तपासणीसाठी, नोंदी काटेकोर ठेवणारा रसायनतज्ज्ञ हवा असल्याचे म्हटले आहे. 2009 ते 2018 या काळात मी लोहखनिजाच्या प्रयोगशाळेत विश्लेषक होतो. नमुना घेणे, आर्द्रता मोजणे, टायट्रेशनने लोहाचे प्रमाण काढणे, द्रावणे तयार करून त्यांचे प्रमाणीकरण करणे आणि प्रत्येक वाचनाची त्याच वेळी सहीसह नोंद करणे हे माझे रोजचे काम होते.

आमच्या अहवालांवर जहाजातील मालाची किंमत ठरत असल्याने खरेदीदाराच्या बाजूची प्रयोगशाळा तोच माल स्वतंत्रपणे तपासत असे, आणि निष्कर्षांत मर्यादेपेक्षा अधिक फरक आढळल्यास राखीव नमुना त्रयस्थ प्रयोगशाळेकडे जाई. माझ्या सहीच्या एका अहवालाबाबत असे घडले, तेव्हा त्रयस्थ प्रयोगशाळेचा निष्कर्ष आमच्या निष्कर्षाशी जुळला.

16 मार्च 2018 पासून गोव्यातील खाणकाम थांबल्यामुळे ती प्रयोगशाळा बंद झाली. त्यानंतर मी घरची बागायत सांभाळली आणि 2019 पासून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवत आहे. आता मला पूर्णवेळ प्रयोगशाळेत परतायचे आहे.

एचपीएलसी मी चालवलेले नाही. एक्सआरएफ (क्ष-किरणांनी खनिजातील घटक मोजणाऱ्या) यंत्रावर चार वर्षे काम केल्याने उपकरणाचे अंशांकन आणि त्याच्या नोंदी यांची मला सवय आहे. मी डिचोली येथे राहतो. तिन्ही पाळ्यांत काम करण्याची माझी तयारी आहे. सविस्तर माहिती आणि अनुभव प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’

टॅक्सीचा उल्लेख त्यात नाही, आणि तो त्यांनी स्वतः काढला. मला तो असला तरी चालला असता. लाज म्हणून काढत असाल तर ठेवा आणि जागा नाही म्हणून काढत असाल तर काढा, एवढेच मी म्हटले होते. त्यावर त्यांनी विचार करून जागेचे कारण दिले.

एचपीएलसीच्या वाक्यावर मात्र आमचा बराच वाद झाला. जे येत नाही ते पत्रात कशाला लिहायचे, असे त्यांच्या पत्नीचे म्हणणे होते आणि अनेक समुपदेशकही तसेच सांगतील. जाहिरातीत ती अट नव्हती, प्राधान्य होते. तेव्हा गप्प बसणे खोटेपणाचे ठरले नसते. तरी माझा कल लिहिण्याकडे होता. गुणवत्ता नियंत्रणाच्या माणसाला हा उमेदवार खाणीतून आला आहे एवढे कळले की त्याच्या मनात दुसरा प्रश्न यंत्राचाच येणार. त्याचे सरळ उत्तर आणि लगेच शेजारी दुसऱ्या यंत्राचा अनुभव मिळाला, तर तो पुढे वाचेल, असा माझा अंदाज होता. शिवाय ज्या पदाचा गाभाच खऱ्या नोंदी हा आहे, त्याच्या अर्जात हे वाक्य वायाही जात नाही. हाच नियम मी सगळ्यांना लावणार नाही. विक्रीच्या किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षाच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याने आपली उणीव पत्रात मांडावी असे मला वाटत नाही. अखेर निर्णय त्यांच्यावर सोडला आणि त्यांनी वाक्य ठेवले.

मुलीचे शिक्षण, कुटुंबाची जबाबदारी आणि ‘कोणतेही काम करीन’ ही तीन वाक्ये काढताना त्यांना सगळ्यात जड गेले. आपल्याकडे अडचण सांगितली की समोरचा माणूस मदत करतो हा अनुभव खोटा नाही. गावात तो रोज येतो. पण पत्र वाचणाऱ्यापुढे अडचणीत असलेले पुष्कळ अर्जदार असतात आणि त्यांच्यात निवड अडचणीवरून करण्याची त्याला मुभा नसते. ‘कोणतेही काम करीन’ या वाक्याने तर नुकसानच होते, कारण त्याला एका ठराविक कामासाठी माणूस हवा असतो. आणखी एक शंका गोव्यातल्या खासगी मालकांच्या मनात नेहमी असते, ती म्हणजे सरकारी नोकरीचा कॉल आला की हा माणूस दुसऱ्या दिवशी जाईल. रोजगार विनिमय केंद्राचा क्रमांक पत्राच्या डोक्यावर घालणे म्हणजे ती शंका आपण होऊन जागी करणे होते.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, पण हुकू नयेत अशा. ई-मेलच्या विषयात पदाचे नाव आणि जाहिरातीचा संदर्भ असावा. पत्र जोडपत्र म्हणून पीडीएफ स्वरूपात द्यावे, आणि ई-मेलमध्ये दोन-तीन ओळी लिहाव्यात. मोकळी ई-मेल पाठवू नये. फाइलला स्वतःचे नाव द्यावे, ‘नवीन 2 अंतिम’ असे नाही. जाहिरातीत मागितले नसेल तर पगाराची अपेक्षा लिहू नये, आणि मागितले असेल तर टाळू नये. एका पानाच्या पुढे जाऊ नये. दहा-बारा दिवसांनी एकदा विचारणा करायला हरकत नाही.

खंडाचे कारण खाणीसारखे सर्वज्ञात नसेल तर काय, असे बरेच जण विचारतात. बाळंतपण आणि मुलांचे संगोपन यासाठी थांबलेल्या स्त्रियांना मी तेच दोन वाक्यांचे माप सांगते: ‘कौटुंबिक जबाबदारीसाठी अमुक ते अमुक या काळात नोकरीतून विराम घेतला, आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध आहे.’ मुले किती, त्यांना कोण सांभाळणार, सासूबाई घरी आहेत, हे पत्रात आणू नये. विचारणाऱ्याला मुलाखतीत ‘माझी व्यवस्था झालेली आहे’ इतके उत्तर पुरे. आजारपण असेल तर आजाराचे नाव लिहिण्याची गरज नसते. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ आणि ‘आता कामासाठी तंदुरुस्त आहे’ एवढे लिहावे, अर्थात ते खरे असेल तर. घरातल्या वृद्धांची शुश्रूषा केली असेल तर तसे लिहावे, त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. आणि नुसतीच नोकरी मिळाली नाही, असे कारण असेल, तर ते कारण म्हणून लिहूच नये. त्या काळात शिकलेले किंवा केलेले जे काही असेल ते तारखांसह लिहावे. तसे काहीच नसेल तर पत्र लिहिण्याआधी काहीतरी सुरू करावे, एखादा अभ्यासक्रम, ओळखीच्या ठिकाणी अर्धवेळ काम, काहीही.

वेर्ण्याच्या कंपनीकडून काही उत्तर आले नाही. ते निराश झाले, पण पत्र बदलूया असे त्यांनी म्हटले नाही, याची मी मनाशी नोंद घेतली. तोच सांगाडा ठेवून, पहिला परिच्छेद दर वेळी त्या त्या जाहिरातीप्रमाणे नव्याने लिहून त्यांनी पुढचे अर्ज केले, आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने त्यांना बोलावले. मुलाखतीत गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांनी खंडाबद्दल विचारलेच नाही. सुरुवात त्रयस्थ प्रयोगशाळेच्या प्रसंगापासून झाली, कारण त्यांना ती पद्धत ठाऊक नव्हती आणि ती ऐकायची होती. एचपीएलसीबद्दल, ते येथे शिकता येईल पण पहिले काही महिने पाण्याच्या तपासणीवर काढावे लागतील, असे सांगण्यात आले. कागदपत्रांच्या पडताळणीत मागितलेल्या तारखा पत्रातल्या तारखांशी जुळल्या आणि ते रुजू झाले. पगार खाणीतल्या अखेरच्या पगारापेक्षा कमी आहे. शिकवणी सुट्टीच्या दिवसांवर आणून चालू ठेवायची की बंद करायची, यावर सध्या त्यांचे आणि पत्नीचे एकमत होत नाही, आणि त्यासाठी ती दोघे पुढच्या महिन्यात माझ्याकडे येणार आहेत.